अल्बिना होचेवार आणि तळ्याकाठची रिंक

ट्राम स्टिलवेल पार्कच्या फाटकाशी थांबली तेव्हा अल्बिनाच्या मांडीवर बापाचं अकॉर्डियन होतं आणि अकॉर्डियनवर पोटिट्साचा डबा. अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला तो गोड पाव आईने पहाटे भाजला होता, आणि डबा आडवा झाला तर घरी येऊ नकोस, अशी तिची ताकीद होती. तो १९३६ सालचा जुलै. अमेरिकेत येऊन राहिलेल्या स्लोव्हेनियन लोकांच्या मेळ्याचा दिवस. पोलाद कारखान्याच्या गावातून निघालेल्या ट्रामा इतक्या भरलेल्या की पायरीवर लोंबकळणारी माणसंसुद्धा गात होती.

अल्बिना तेव्हा अठरा वर्षांची. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि हसायला लागली की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्या आवाजाची. तिचा बाप योझे होचेवार भट्टीवर काम करायचा. सहा दिवस भट्टी आणि सातव्या दिवशी अकॉर्डियन, एवढंच त्याचं आयुष्य. मुलगा नव्हता म्हणून त्याने मुलीला वाजवायला शिकवलं, आणि ती त्याच्याहून बरी वाजवायला लागली तेव्हा चिडायच्या ऐवजी तो शेजाऱ्यांना बोलावून बोलावून ऐकवत सुटला.

जेवणखाण झाल्यावर सगळी पोरंटोरं रिंककडे पळाली. तळ्याच्या अगदी काठावर, अर्धी जमिनीवर आणि अर्धी पाण्यात रोवलेल्या खांबांवर, अशी ती लांबलचक लाकडी इमारत. आधी तिथे नाचघर होतं. मंदीत नाच बंद पडले, तेव्हा मालक ऑर्विल ट्रिम्बल यांनी मेपलच्या फळ्यांची जमीन घासूनपुसून तिची रोलर स्केटिंगची रिंक केली. तळ्याच्या बाजूच्या भिंतीला नुसत्या झडपा होत्या. उन्हाळ्यात त्या वर उचलून ठेवल्या की पाण्यावरचा वारा सरळ आत. आणि शेकडो लाकडी चाकं एका वेळी फिरायला लागली की त्यांची घरघर तळ्याच्या पलीकडच्या शेतांवर ऐकू जायची. तिकडच्या गायींना ती घरघर थांबली की चुकल्यासारखं व्हायचं, असं पलीकडचे लोक सांगत.

रिंकच्या कोपऱ्यात कपाटाएवढा एक यांत्रिक ऑर्गन होता. आत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरायची आणि भात्याच्या हवेवर तो आपला आपण वाजायचा. त्या दुपारी वॉल्ट्झ नाचाच्या एका संथ चालीच्या ऐन मध्यात त्याने मोठा उसासा सोडला, दोनदा शिंकल्यासारखं केलं आणि तो गप्प झाला.

संगीत गेलं की चाकांवरच्या माणसाचा तोल कसा जातो ते बघण्यासारखं असतं. कुणी कठड्यावर आदळलं, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं. ट्रिम्बलसाहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन ऑर्गनच्या पोटात शिरले. लोक शिट्ट्या मारायला लागले.

"अगं, बसलीयेस काय?" योझेने मुलीला कोपराने ढोसलं. "वाजव की!"

"इथे? बाबा, मला कुणी सांगितलंय का?"

"मी सांगतोय ना!"

अल्बिना कठड्यावर चढून बसली, पट्टे खांद्यावर घेतले आणि तिला सगळ्यात जास्त आवडणारा पोल्का, उड्या मारत नाचायची ती चाल, तिने सुरू केला. गावातल्या स्लोव्हेनियन सभेच्या हॉलमध्ये वाजवायची त्याच झपाट्यात. माणसं खूश झाली, पळायला लागली, आणखी जोरात पळायला लागली. पहिल्याच वळणावर पुढचा एक जण घसरला, त्याच्यावर दुसरा, आणि बघता बघता हातपायांचा असा ढीग झाला की कुणाचा बूट कुणाच्या पायात ते कळेना.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक उंच तरुण त्या ढिगाला वळसा घालून थेट तिच्यासमोर येऊन थांबला. तो एमलिन प्रॉसर, वेल्श खाणकामगाराचा मुलगा. रिंकवरची शिस्त सांभाळायची, पडलेल्यांना उचलायचं, उर्मटांना बाहेर काढायचं, हे त्याचं काम.

"ए बाई! ही माणसं आहेत, शर्यतीचे घोडे नाहीत!"

"मग घोडे आणा," अल्बिना म्हणाली. "पोल्का असाच वाजतो."

"हळू वाजत नाही?"

"वाजतो. म्हाताऱ्यांच्या लग्नात."

ढिगातली माणसं मात्र खो खो हसत होती आणि "पुन्हा! पुन्हा!" करत होती. ट्रिम्बलसाहेबांनी ऑर्गनच्या पोटातून काळंकुट्ट तोंड बाहेर काढलं, एकदा ढिगाकडे आणि एकदा अल्बिनाकडे बघितलं. "पोरी, वॉल्ट्झ येतो का तुला?" तिने वॉल्ट्झ धरला. रिंक पुन्हा गोल फिरायला लागली, आणि झाकड पडेपर्यंत ती कठड्यावरून उतरली नाही. जाताना साहेब म्हणाले, "शनिवारी येशील? हा खोका काही आता सुधारत नाही."

पोटिट्साचा डबा त्या दिवशी आडवाच झाला होता. पण आईला ती बातमी नोकरीच्या बातमीनंतर सांगितली, त्यामुळे निभावलं.

पुढच्या वर्षी ट्रिम्बलसाहेबांनी नवा विजेचा ऑर्गन आणला. दोन मजली पट्ट्या, आणि खाली पायांनी वाजवायचे लाकडी पट्टे वेगळे. अल्बिनाचे पाय त्या पट्ट्यांपर्यंत पोचेनात. गावच्या चांभाराने तिच्या बुटांना जाड टाच लावून दिली. त्या बुटांत ती बदकासारखी चालायची, पण ऑर्गनवर बसली की राज्य तिचं. सकाळी रिंक रिकामी असायची तेव्हा ती सराव करायची, आणि एमलिन रुंद झाडूने फळ्या झाडत, वर पांढरी भुकटी शिंपडत फिरायचा. ऑर्गन असा मांडलेला की वाजवणारीची पाठ रिंककडे. म्हणून समोर एक मोठा आरसा टांगला होता. ती जे काही बघायची ते आरशात, उलटं.

त्या आरशात ती अख्खं गाव ओळखायला शिकली. कोण दारू पिऊन आलाय, कोण कुणाच्या मागेमागे फिरतोय, कुठल्या दोघांचं कालपासून बिनसलंय. रडवेलं एखादं पोर कठडा धरून उभं दिसलं की ती सावकाश, सोपी चाल घ्यायची, आणि ते पोर कठडा सोडेपर्यंत ती चाल सोडायची नाही. बाकीचे कंटाळून ओरडायचे, "अल्बिना, झोपलीस का गं?" ती मान न वळवता ओरडायची, "तुम्ही शिकलात तेव्हा मी अशीच झोपले होते!"

एमलिनशी तिची खडाजंगी रोजची. वेग जास्त झाला की तो आरशात दिसेल अशा जागी येऊन दोन्ही हात खाली दाबून दाखवायचा. ती मुद्दाम आणखी थोडा वाढवायची. मग तो पाठमोरा, उलटा स्केटिंग करत अख्खी फेरी मारायचा आणि संपूर्ण वेळ आरशातून तिच्याकडे डोळे वटारून बघायचा. उलटं स्केटिंग करताना तो इतका सुरेख दिसायचा की तिने वेग वाढवायचं कधी थांबवलंच नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला ठाऊक होती. रिंकच्या या राणीला चाकांवर उभं राहता येत नव्हतं. लहानपणी एकदा प्रयत्न केला, हनुवटीला टाके पडले, तेव्हापासून तिने स्केट पायात घातले नव्हते.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, पार्क बंद व्हायच्या आदल्या रविवारी, एमलिनने भोंगा तोंडाला लावून पुकारा केला, "फक्त जोड्या! बाकी सगळ्यांनी बाहेर!" अल्बिनाने वॉल्ट्झ सुरू केला आणि आरशात बघितलं. जमीन रिकामी. मधोमध एकटा एमलिन उभा. कठड्याच्या चारी बाजूंनी माणसं दाटीवाटीने उभी, आणि सगळी गालातल्या गालात हसतायत.

"काय झालं?" तिने वाजवता वाजवता विचारलं. "जोड्या कुठायत?"

"एकच जोडी आहे," एमलिन म्हणाला. "त्यातली अर्धी ऑर्गनवर बसलीये."

"मला येत नाही, मेल्या! तुला माहितीये!"

"सगळ्यांना माहितीये. म्हणूनच सगळे थांबलेत."

अल्बिनाचे हात पट्ट्यांवरून उठले. ऑर्गन थांबला. तेवढ्यात कठड्यापाशी कुणीतरी तोच वॉल्ट्झ तोंडाने धरला. मग शेजारच्याने, मग सगळ्यांनी. टाळ्यांवर, पायांवर, लोखंडी कठडा बडवत. दोघीतिघी मैत्रिणींनी तिला खेचून स्केट बांधले. एमलिनने तिचे दोन्ही हात धरले आणि तो उलटा सरकू लागला. ती वाकून, गुडघे एकमेकांवर आपटत, डोळे घट्ट मिटून ओढली जात होती.

"डोळे उघड."

"उघडले तर पडेन."

"मिटलेस तरी पडशील. अल्बिना, माझ्याशी लग्न करशील?"

तिने डोळे उघडले. "हे विचारायला मला इथे आणलंस? ऑर्गनपाशी विचारता येत नव्हतं?"

"तिथून तू पळाली असतीस."

"हो म्हणते," ती म्हणाली, "पण आधी मला कठड्यापर्यंत पोचव!"

तो पोचवायला वळला आणि दोघंही पडले. पण तोवर कुणाला फिकीर नव्हती. लोकांनी इतका गलका केला की फिरत्या घोड्यांच्या चक्रावरचा माणूस चक्र थांबवून बघायला आला.

योझे होचेवारला जावई पसंत पडायला वेळ लागला. "वेल्श?" तो बायकोला म्हणाला. "त्यातून प्रॉटेस्टंट? त्यांच्याकडे लग्नातसुद्धा दारूऐवजी पाणी पाजतात म्हणे!" शेवटी लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं आणि जेवण रिंकवर. एमलिनचे काका कोरसमध्ये गाणारे, छातीने भरभक्कम. त्यांनी गायला सुरुवात केली तेव्हा तळ्यावरची बदकं उडाली. योझेला दोन पेले झाल्यावर हुरूप आला. त्याने स्केट मागवले. दोन वेल्श काकांनी त्याला बगलेत धरलं आणि तिघे मिळून इतक्या दणक्यात आडवे झाले की टांगलेले कंदील हलले. योझे तसाच जमिनीवर पडून ओरडला, "धर्म वेगळा असेल यांचा, पण पडतात आपल्यासारखेच!" तेवढ्यावर सोयरीक पक्की झाली.

युद्धात एमलिन नौदलात गेला. त्या उन्हाळ्यांत रिंकवर मुली मुलींबरोबरच फिरायच्या, आणि कारखान्यातून थेट आलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायकांनी रिंक भरून जायची. अल्बिना त्यांच्यासाठी वेगवान चाली वाजवायची, कारण त्यांना दमायचं असायचं. शेवटच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी ती अशीच वाजवत होती, आणि आरशात दाराशी एक पांढरी टोपी दिसली. एमलिन. वाळलेला, खांद्यावर पिशवी. ऑर्गनमधून असा काही आवाज निघाला की तो कुठल्याच सुरात बसत नव्हता. पुढे कित्येक वर्षं लोक सांगायचे की युद्धातून माणूस परत आल्याचा त्याहून गोड आवाज त्यांनी ऐकला नाही.

त्यांना दोन मुली झाल्या, रेझिका आणि ग्वेन. दोघी आधी स्केटिंग शिकल्या आणि मग नीट चालायला. मोठी झाल्यावर ग्वेन उन्हाळ्यात तळ्यावर पोहायला शिकवू लागली.

पण दिवस पालटत होते. ट्रामचे रूळ उखडले गेले. लोकांकडे मोटारी आल्या आणि मोटारींना आणखी लांब जायचं होतं. फिरते घोडे विकले गेले, झुलती होडी गंजली. म्हाताऱ्या ट्रिम्बलसाहेबांनी रिंक शक्य तितकी चालवली. शेवटी एका शरदात त्यांनी अल्बिनाला बोलावून खुर्चीत बसवलं.

"विकलं मी पार्क," ते म्हणाले. "घरं बांधणारा माणूस आहे. वसंतात तो सगळं पाडणार."

"रिंकसुद्धा?"

"रिंकच आधी. किनारा तिच्याखाली आहे ना."

दुसऱ्या दिवशी अल्बिना स्लोव्हेनियन सभेच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. सभेची शेतजमीन तळ्याच्या बरोबर पलीकडे होती. तिथे उन्हाळी सहली व्हायच्या आणि एका गळक्या मंडपात नाच.

"रिंक घ्या," ती म्हणाली. "तो माणूस लाकूड फुकटसुद्धा देईल, त्याला पाडायची मजुरी वाचेल. मेपलची जमीन आहे. असली जमीन आता कुणी करत नाही."

"आणायची कशी?" अध्यक्षांनी विचारलं. "पुलावरून ट्रकसुद्धा धड जात नाही."

मागच्या बाकावरून म्हातारा योझे बोलला. आता त्याला काठी लागायची. "अरे, तळं गोठेल की!"

सगळे हसले. मग हसायचे थांबले.

त्या वर्षी जानेवारीत अशी थंडी पडली की तळं काचेच्या लादीसारखं झालं. एमलिन आणि सभेच्या सुतारांनी रिंक उतरवली. भिंती, छत, आणि जमिनीचे करवतीने कापलेले प्रचंड तुकडे. प्रत्येक तुकड्याखाली बर्फावर घसरायला लाकडी पट्ट्या बसवल्या. पलीकडच्या किनाऱ्यावर ट्रॅक्टरला दोर बांधला. एका रविवारी सकाळी पहिला तुकडा बर्फावरून सरकला, तेव्हा सारं गाव बर्फावरचे स्केट घालून आलं होतं. मुलं तुकड्याच्या पुढेमागे नाचत होती. बायकांनी किनाऱ्यावर शेकोट्या पेटवून सॉसेज भाजायला घेतले. अल्बिना एका बिनचाकी घसरगाडीवर घोंगडी पांघरून बसली होती. हातमोज्यांची बोटं कापून तिने अकॉर्डियन धरलं होतं, आणि रेझिका-ग्वेन तिला ढकलत होत्या.

"हळू गं! चाकांवर पडले तेवढं पुरे, आता बर्फावर नको!"

"आई, तू वाजव. आम्ही बघतो."

एमलिन प्रत्येक तुकड्यावर मधोमध उभा राहून शिट्टी फुंकत ट्रॅक्टरला इशारा करायचा आणि तुकड्याबरोबर पलीकडे जायचा. भिंती गेल्या, छत गेलं, जमीन गेली. शेवटचा तुकडा उरला. दुपारचं ऊन जरा चढलं होतं. पलीकडच्या काठाजवळ, जिथे ओढा येऊन मिळतो तिथे, बर्फ कुरकुरला. एमलिनने शिट्टी फुंकली. ट्रॅक्टर थांबला. सगळी माणसं थांबली. अकॉर्डियन थांबलं.

मग सावकाश, एखादा जाडा माणूस कोचात बसावा तसा, तो तुकडा बर्फातून खाली बसला. आजूबाजूला काळं पाणी आलं. आणि पाण्यात मेपलची ती जमीन थोडी डुगडुगून मजेत तरंगायला लागली. वर एमलिन, शिट्टी तोंडात, बुटांवरून पाणी वाहतंय, हात पसरून तोल सांभाळत उभा.

अल्बिना किंचाळली. पुढच्याच क्षणी तिला हसू फुटलं, आणि ते तिचं खरं, पूर्ण हसू होतं. तळ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं.

"एमलिन! नौदल सुटलं नाही ना तुझं!"

"शिडी आणा!" तो ओरडला. "हसताय काय? शिडी!"

माणसांनी बर्फावर शिड्या आडव्या टाकल्या, पोटावर सरपटत दोर फेकला आणि त्याला ओढून घेतलं. शेकोटीपाशी त्याला घोंगड्यांत गुंडाळल्यावर योझेने सासऱ्याच्या अधिकाराने त्याच्या हातात प्लमच्या दारूचा पेला दिला. "घे. पाणी पाजणाऱ्यांच्या घरचा आहेस, पण आज पुरेसं पाणी झालं तुझं."

तो तुकडा तिथेच राहिला. दोर कापावा लागला.

वसंतात सभेच्या जमिनीवर रिंक पुन्हा उभी राहिली, थोडी आखूड. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी एमलिन स्केटच्या पेट्या घेऊन आला तेव्हा महिला मंडळाच्या प्रमुख फ्रान्चिश्का झागार दारात उभ्या होत्या.

"हे काय?"

"स्केट."

"चाकं? या जमिनीवर? आम्ही गुडघे टेकून मेण लावलंय! इथे बुटांनी नाच होईल. चाकं तुमच्या घरी फिरवा."

अल्बिनाने मध्यस्थी केली, विनवण्या केल्या, भांडली. फ्रान्चिश्काबाई बधल्या नाहीत. म्हणजे रिंक वाचली आणि रिंक संपली, दोन्ही एकाच दिवशी. एमलिन आठवडाभर घुम्यासारखा वागला. मग शनिवारी अल्बिनाने त्याला ओढून नाचायला उभं केलं, तेव्हा नवीनच गोष्ट कळली. इतकी वर्षं सरकण्यात घालवलेल्या या माणसाला नाचताना पाय उचलायचा असतो हे ठाऊकच नव्हतं. तो पोल्कात घसरत घसरत फिरायचा. बायकांना ते इतकं आवडलं की फ्रान्चिश्काबाई स्वतः त्याच्याबरोबर नाचायला रांगेत उभ्या राहिल्या.

जुन्या जागी आता घरं आहेत, हिरवळ आहे, प्रत्येकाचा छोटा धक्का आहे. रिंक नेमकी कुठे होती यावर म्हाताऱ्यांचं एकमत होत नाही.

बर्फ वितळल्यावर तळ्यात राहिलेला तो तुकडा वाहत जाऊन काठाच्या एका आतल्या वळणात अडकला. पोरांनी त्याच्याखाली रिकामी पिंपं बांधून तराफा केला. त्या उन्हाळ्यात गावातली सगळी पोरं त्याच्यावरच उड्या मारत होती. अल्बिना काठावर बसून बघायची. एक दिवस ती ग्वेनला म्हणाली, "मला पोहायला शिकव."

"आई, तू पंचेचाळीसची आहेस."

"मग लवकर शिकव."

महिनाभर गुडघाभर पाण्यात हातपाय मारल्यावर ऑगस्टमध्ये ती तराफ्याकडे निघाली. निळा नवा पोहण्याचा पोशाख, डोक्याला रबरी टोपी. ग्वेन बाजूला पोहत होती. एमलिन काठावरून ओरडत होता, "हळू! शर्यत नाहीये!" तिला उत्तर द्यायला श्वास नव्हता. तराफ्याच्या कडेला तिने हात टाकला तेव्हा वर उभ्या असलेल्या तीनचार ओल्या पोरींनी तिला दंडांना धरलं.

"ओढा गं! एक, दोन, ओढा!"

"बाई, तुम्ही जड आहात!"

"तुझी आई काय हलकी आहे?" अल्बिना कशीबशी म्हणाली, आणि एका हिसक्यासरशी ती त्या मेपलच्या फळ्यांवर येऊन पालथी पडली. पाणी निथळत होतं, धाप लागली होती. ऊन लाकडावर तापलं होतं. ती उताणी झाली, हात पसरले, आणि पोरी तिच्या भोवती किंचाळत पाण्यात उड्या टाकत राहिल्या.